डफडं, खंजिरी, ढोल : वर्ध्याच्या चर्मवाद्यांचं काय करायचं?

पोळा येतो श्रावण अमावस्येला, म्हणजे भर पावसाळ्यात. हवेतली ओल डफड्याच्या कातड्यात शिरते, कातडं सैल पडतं आणि काडी मारली की नुसता भद्द आवाज येतो. म्हणून तोरणाखाली बैल उभे राहण्याआधी वाजंत्री मंडळी बाजूला तुराट्यांचा नाहीतर जुन्या कागदांचा जाळ करतात आणि डफडं शेकतात. ते पुरेसं तापलं का, हे टिचकी मारून ऐकावं लागतं. जास्त शेकलं तर कातडं तडकतं, कमी शेकलं तर पोळ्यातल्या झडत्यांची म्हणजे कवनांची दुसरी फेरी येईपर्यंत पुन्हा उतरतं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते वाजवणाऱ्याच्या बोटांत आणि कानांत असतं. वर्धा जिल्ह्यात आता बऱ्याच ठिकाणी कातड्याच्या जागी प्लास्टिकचा पडदा आला आहे. त्याला शेकावं लागत नाही, तो पावसाला घाबरत नाही, आणि त्याचा आवाज सगळीकडे एकसारखाच कडकडीत असतो.

पारंपरिक वाद्यं परत आणा, ही मागणी गेल्या वीसेक वर्षांत महाराष्ट्रात वाढत गेली आहे. कधी ती डीजेला कंटाळलेल्या गावकऱ्यांकडून येते, कधी अस्मितेच्या चळवळीतून, कधी सांस्कृतिक खात्याच्या परिपत्रकातून. गणेशोत्सवाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत पोलीसही ‘पारंपरिक वाद्यं वाजवा’ म्हणून सांगतात. कोणतं वाद्य, कुणाची परंपरा आणि ते वाजवणार कोण, यावर मात्र फार थोडं बोललं जातं. या लेखात वर्धा जिल्हा समोर ठेवून तेवढंच तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. वाद्याबरोबर ते वाजवणारा आणि मढवणारा माणूस मानाने परत येत नसेल, तर त्याला पुनरुज्जीवन म्हणू नये. आणि ज्यांनी ते वाद्य एके काळी मुद्दाम खाली ठेवलं, त्यांच्या त्या निर्णयालाही आपल्या वारशात जागा द्यायला हवी.

वर्धा जिल्ह्याचं एकच असं वाद्य नाही, ही पहिली अडचण. जिल्हा 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे जुना मध्य प्रांत. आर्वी-आष्टीकडची बोली, सणाच्या रीती आणि गाणी अमरावतीशी मिळतात, हिंगणघाट-समुद्रपूरकडून चंद्रपूरच्या गोंड मुलखाची वाट सुरू होते. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले साडेअकरा टक्के लोक अनुसूचित जमातींचे, मुख्यतः गोंड. इतक्या लहान टापूत पोळ्याचं आणि लग्नाचं डफडं आहे, भजनाची खंजिरी आहे, गोंडांचा ढोल आहे. डमरूसारख्या कमरेत बारीक डाहाक्यावर रात्रभर म्हटली जाणारी विधीची गाणी आहेत. मिरवणुकीला संदल आणि धुमाल हे वाजंत्री ताफे आहेत. यात अलीकडे पुण्याच्या धाटणीची ढोल-ताशा पथकंही आली आहेत. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे आणि एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

सुरुवात डफड्यापासून करावी लागते, कारण सगळ्यात अवघड गाठ तिथे आहे. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एका हातात जाड काडी, दुसऱ्यात बारीक. पश्चिम महाराष्ट्रात याच्याच धाकट्या भावंडाला हलगी म्हणतात. विदर्भातल्या गावगाड्यात डफड्याचं काम ठरलेलं होतं. लग्नात नवरदेवापुढे, पोळ्यात बैलांपुढे, होळीत, देवीच्या मिरवणुकीत आणि म्हाताऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेत ते वाजे. ते कुणी वाजवायचं हेही ठरलेलं होतं. बहुतेक ठिकाणी मांग समाजाने, काही ठिकाणी महार समाजाने. बदल्यात धान्य, उरलंसुरलं अन्न, एखादं जुनं लुगडं. वाजवणारा मिरवणुकीच्या पुढे असे, पंगतीत मात्र शेवटी आणि वेगळा. सगळ्या गावाला आनंद देणाऱ्या त्या हातांना गाव शिवत नव्हतं.

म्हणून विसाव्या शतकात जेव्हा मान उंचावण्याची चळवळ आली, तेव्हा डफडं खाली ठेवणं हा तिचा भाग झाला. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, शिळं अन्न घ्यायचं नाही, गावकीची कामं करायची नाहीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडपासून, म्हणजे 1927 पासून सांगायला सुरुवात केली होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. वर्ध्यापासून नागपूर किती जवळ! इथल्या गावागावातून माणसं दीक्षेला गेली आणि परतल्यावर अनेकांनी गावकीची कामं सोडली. त्यात वाजवणंही होतं. या नकाराची किंमतही मोजावी लागली. मजुरी बंद झाली, किराणा बंद झाला, विहिरीची वाट अडवली गेली. ज्यांनी डफडं सोडलं त्यांनी आपली संस्कृती गमावली, असं आज कुणी हळहळून म्हणतं, तेव्हा त्या हळहळीत हा इतिहास नसतो. एखादं वाद्य न वाजवण्याचा निर्णयसुद्धा संस्कृतीच असतो, आणि मला तरी तो कुठल्याही ठेक्यापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही.

पण गंमत अशी, की गावकीचं वाद्य सोडणाऱ्या याच समाजाने गाणं-वाजवणं सोडलं नाही. आंबेडकरी जलशांमध्ये ढोलकी, तुणतुणं, डफ वाजतच राहिला. भीमराव कर्डकांचे जलसे 1930 च्या दशकात गाजले, वामनदादा कर्डकांनी पुढे हजारो गाणी रचली. अण्णाभाऊ साठ्यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं आणि तमाशाचा बाज चळवळीच्या कामाला लावला. आमच्या काळात संभाजी भगतांसारख्या शाहिरांच्या हातात डफ आहे. कातडं तेच आणि बऱ्याचदा वाजवणाऱ्याची जातही तीच. बदललं एवढंच, की आता कुणी बोलावलं म्हणून नव्हे तर स्वतःला सांगायचं आहे म्हणून वाजवलं जातं. या एका फरकात पुनरुज्जीवनाचा सगळा प्रश्न आहे.

दक्षिणेत हा प्रश्न जास्त उघडपणे हाताळला गेला. तमिळनाडूतलं परै हे अगदी आपल्या डफड्याचं भावंड. तेही दलितांच्या माथी मारलेलं, मृत्यूच्या विधीशी जोडलेलं. तिथेही आधी ते टाकून देण्याची चळवळ झाली आणि मग 1990 च्या दशकापासून तरुण कार्यकर्त्यांनी ते अभिमानाने हातात घेतलं. दिंडिगुलच्या शक्ती लोककला केंद्राने दलित मुलींना परै शिकवलं. जे पूर्वी फक्त पुरुष वाजवायचे ते मुली रस्त्यावर वाजवू लागल्या. अंत्ययात्रेत वाजवणार नाही, मंचावर आणि मोर्चात वाजवू, अशी अट अनेक गटांनी घातली. 2025 मध्ये परैवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. तेलुगू भागात मादिगा दंडोरा चळवळीने 1994 पासून डप्पू, म्हणजे तिथलं डफडं, हेच आपलं चिन्ह केलं, आणि आंध्र प्रदेशात सरकारी पेन्शनच्या यादीत डप्पू कलावंत हा आता स्वतंत्र वर्ग आहे. वाद्याचं कौतुक करतानाच वाजवणाऱ्याच्या म्हातारपणाची सोय, असा विचार महाराष्ट्रात डफड्याच्या बाबतीत झालेला नाही.

आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडची हलगी टिकून आहे, त्याचं कारण तालमीत सापडतं. कुस्तीच्या मैदानात हलगी आणि घुमकं नसेल तर पैलवानाच्या अंगात जोर येत नाही, अशी तिकडची समजूत आहे. म्हणजे त्या वाद्याला लग्नाखेरीज एक पक्की, दरवर्षीची, मानाची जागा मिळाली. वर्ध्याच्या डफड्याला अशी जागा उरली नाही. लग्न बँडने घेतलं, मग डीजेने. मिरवणूक धुमालने घेतली. हाती राहिला एक पोळा आणि काही अंत्ययात्रा. वर्षातून चार-सहा दिवसांच्या कामासाठी कोण कशाला मुलाला हात बसवायला लावेल?

आता खंजिरीकडे येऊ. या जिल्ह्यात एखादं चर्मवाद्य खरोखर घराघरात पोचलं असेल तर ते हेच. डफडं सुकत असताना खंजिरी कशी पोचली, हे कोडं मला फार शिकवणारं वाटतं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. हातात खंजिरी आणि तोंडात स्वतःची भजनं, एवढ्या भांडवलावर त्यांनी अवघा विदर्भ हलवला. 1936 मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं आणि ते सुमारे महिनाभर तिथे राहिले. आश्रमाची प्रार्थना शांत, मोजकी. तिथे ही खंजिरी वाजली. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूरला आणि आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीला जे झालं, त्यामागे या भजनांची चेतावणी होती असं लोक आजही सांगतात. 16 ऑगस्टला आष्टीच्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, माणसं पडली. गावाच्या नावापुढे ‘शहीद’ लागलं ते तेव्हापासून. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि डिसेंबरपर्यंत ते नागपूर-रायपूरच्या तुरुंगात होते. एका भजनवाल्याला सरकार घाबरलं, यावरून त्या छोट्या कड्याची ताकद कळते. 1955 मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले तेही खंजिरी घेऊनच.

1968 मध्ये महाराज गेले. त्यांच्याबरोबर खंजिरी जायला हवी होती. महापुरुषांची वाद्यं बहुधा काचेच्या पेटीत जातात. ही गेली नाही. का? मला याची कारणं अगदी रोजच्या व्यवहारातली दिसतात. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची शाखा गावोगाव होती आणि तिच्या हातात सामुदायिक प्रार्थनेचा रोजचा कार्यक्रम होता. महाराजांची ‘ग्रामगीता’ होती. म्हणजे वाद्याला संध्याकाळची एक ठरलेली वेळ मिळाली आणि त्यावर म्हणायला मजकूर मिळाला. वाद्य लहान, स्वस्त, एका हातात मावणारं, कुणालाही धरता येणारं. भजन स्पर्धा भरतात, त्यांना बक्षिसं असतात, शेजारच्या गावाला हरवायची ईर्ष्या असते. महिलांची भजनी मंडळं झाली आणि बायकांच्या हातात खंजिरी आली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खंजिरी वाजवणं हे कुणा एका जातीचं काम नव्हतं. कुणब्याने, तेल्याने, माळ्याने, बौद्धाने, गोंडाने वाजवली तरी त्याचा मान कमी होत नव्हता, उलट वाढत होता. सत्यपाल महाराजांनी तर सात खंजिऱ्या एकत्र बांधून सप्तखंजिरी केली आणि व्यसन, अंधश्रद्धा, हुंडा यांवर कीर्तनं करत सगळा महाराष्ट्र पालथा घातला. परंपरेत बसून नवं काही करण्याचं इतकं ठळक उदाहरण चर्मवाद्यांमध्ये मला दुसरं आठवत नाही.

म्हणजे ज्या वाद्यावर जातीचा शिक्का नव्हता ते फोफावलं आणि ज्यावर होता ते सुकलं. हे सरळ दिसतं, तरी पुनरुज्जीवनाच्या योजनांमध्ये ते धरलं जात नाही. योजना वाद्याच्या नावाने आखल्या जातात. वाद्य कुणाच्या माथी होतं, याचा रकानाच त्यात नसतो.

गोंडांच्या ढोलाची गोष्ट तिसऱ्याच वाटेने जाते. गोंड परंपरेत पहांदी पारी कुपार लिंगो हा धर्माचा आणि संगीताचाही गुरू. अठरा वाद्यं त्याच्या नावावर आहेत. म्हणजे इथे वाद्य वाजवणं हे गावकीचं ओझं नाही, ते पेनाच्या, देवाच्या, जवळ जाण्याचं साधन आहे. दिवाळीच्या सुमारास दंडारी नाचाचे गट गावोगाव जात, ढोल आणि सनईसारखे पेपरे वाजत. प्रधान मंडळी किंगरी या तंतुवाद्यावर गोंड देवांच्या आणि राजांच्या कथा गात. यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमधल्या गोंडांचं जगणं मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडोर्फने तिथल्या मार्लवाईसारख्या गावात राहून टिपलं, त्याचं पुस्तक 1948 चं. त्याच मार्लवाईच्या कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी 2021 ची पद्मश्री मिळाली.

विदर्भात या परंपरेला नवं बळ मिळालं ते कोया पुनेमच्या, म्हणजे गोंड धर्माच्या, चळवळीतून. नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी गोंडी भाषा, लिपी आणि धर्म यांवर आयुष्यभर लिहिलं. 1980 च्या दशकात गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची यात्रा मोजक्या माणसांनी सुरू केली, आज माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून लाखो लोक जमतात आणि ढोल-मांदर रात्रभर थांबत नाही. 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला वर्धा, आर्वी, समुद्रपूर इथेही मिरवणुका निघतात. वर्धा जिल्ह्यातले गोंड बहुतांशी मराठी बोलतात, गोंडी त्यांच्या घरातून केव्हाच गेली. अशा वेळी ढोल भाषेची जागा घेतो. जे ओठांवर उरलं नाही ते हाताने सांगता येतं. त्यामुळे इथे ढोल परत आणण्यामागची तळमळ खरी आहे.

तरी एक काळजी वाटते. मिरवणुकीचा ढोल आणि दंडारीचा ढोल यांत फरक आहे. मिरवणुकीत एकच वेगवान ठेका दोन तास चालतो. दंडारीत पेनाला बोलावण्याचा वेगळा, नाचाचा वेगळा, निरोपाचा वेगळा असे ठेके होते. ते माहीत असणारी माणसं आता म्हातारी आहेत आणि बहुतेक यवतमाळ-चंद्रपूरच्या बाजूला, कोलामांच्या आणि गोंडांच्या लहान गावांत आहेत. दरवर्षी मिरवणूक मोठी होत जाईल आणि ठेके कमी होत जातील, असं होऊ नये.

याच्या शेजारीच ढोल-ताशा पथकांचा प्रश्न उभा आहे. पुण्यात 1970 च्या दशकात ज्ञानप्रबोधिनीच्या मुलांनी गणपतीत शिस्तीचं ढोल पथक काढलं, पुढे शाळा-कॉलेजांच्या पथकांची रीघ लागली. मुळात हा ढोल मुळशी, मावळ, वेल्ह्याच्या खेड्यांतला. शहरी तरुणांनी तो उचलला, मुलींना त्यात बरोबरीची जागा मिळाली, आणि या गोष्टीचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पथकात तीसच वादक असावेत अशी मर्यादा घातली आणि गणेशोत्सवातच सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, इतका तो पुण्याच्या ओळखीचा भाग झाला आहे. पण हीच पथकं आता पांढरे कुडते, भगवे फेटे आणि पुणेरी ठेके घेऊन नागपूर-वर्ध्याच्या रस्त्यांवर उतरली आहेत, आणि त्यांना ‘आपली पारंपरिक वाद्यं’ म्हटलं जातं. वर्ध्याच्या रस्त्यावर ही परंपरा वीस वर्षांचीही नाही. तिने इथे डीजेला काही प्रमाणात हटवलं, हे चांगलंच झालं. मात्र तिने डफडेवाल्यांचीही उरलेली जागा घेतली. ढोल वाजवणारा कॉलेजचा मुलगा हौशी असतो, त्याला घर चालवायचं नसतं. डफडेवाल्याला चालवायचं असतं. एकाच मिरवणुकीत हौस आणि पोट समोरासमोर आलं की काय होतं ते सांगायला नको.

धुमाल आणि संदल यांच्याबद्दल सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात, ते मला पटत नाही. नागपूर पट्ट्यात उरुसाच्या मिरवणुकीतून आलेलं संदल गणपतीपुढेही वाजतं. धुमालचं नातं छत्तीसगडच्या गांडा समाजाच्या बाजाशी आहे. त्या बाजातही डफडं, निसान, ताशा आणि मोहरी असायची. त्यात कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक पॅड शिरले आणि आजचं धुमाल झालं. म्हणजे कर्णा लावून वाजणाऱ्या धुमालच्या गाडीवर जी मुलं घाम गाळतात, त्यांतली कितीतरी त्याच वाजंत्री घरांतली आहेत. परंपरेचा धागा खऱ्या अर्थाने तिथेही चालू आहे, फक्त त्याला कुणी वारसा म्हणत नाही. रात्री दहानंतर आवाज बंद हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आग्रह योग्यच आहे. पण कारवाई करताना सगळ्यात आधी जप्त होतं ते या मुलांचं सामान.

वाद्याची जागा यंत्राने घेतली, ही तक्रार फक्त आपली नाही. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर उत्तरेला कारो लोक राहतात. त्यांच्या पारंपरिक मेळात पाच वादक असतात. सनईच्या जातीचं सरुने, दोन लहान निमुळते ढोल आणि दोन घंटा. आपल्या वाजंत्र्यांच्या ताफ्याची आठवण यावी असाच हा मेळ. 1890 पासून तिथे डच मिशनरी आले, ख्रिस्ती झालेल्या घरांना जुन्या देवांशी जोडलेलं हे वाद्य दीर्घकाळ चर्चच्या दारात आणता येत नव्हतं. मग 1990 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आणि त्याने पाच माणसांचं काम एकट्याने करायला सुरुवात केली. लग्न असो की पीक-उत्सव, बोलावणं कीबोर्डवाल्याला. आता तिथले तरुण ते लहान ढोल पुन्हा शिकू-शिकवू पाहतात. धर्मांतर, यंत्र आणि मग अस्मिता, हा क्रम वर्ध्याच्या माणसाला ओळखीचा वाटेल. फरकही मोठा आहे. कारोंना जुना ढोल सोडावा लागला तो नव्या धर्माच्या नियमामुळे. आमच्याकडे डफडं सोडलं गेलं ते जुन्या धर्माने दिलेल्या अपमानामुळे. म्हणून तिकडचा उपाय इकडे जशाचा तसा चालणार नाही.

वाद्य टिकल्याचं एक उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे 1978 मध्ये सोलच्या एका छोट्या नाट्यगृहात चार तरुणांनी शेतकऱ्यांच्या ताफ्यातली चार वाद्यं मांडी घालून मंचावर वाजवली. सामुलनोरी नावाने ती जगभर गेली. त्याच काळात विद्यार्थी चळवळीनेही शेतकऱ्यांचे ढोल मोर्चात आणले. एका वाद्याला मंच आणि रस्ता दोन्ही मिळाले म्हणून ते तगलं. उलट उदाहरण बुरुंडीचं. तिथला राजेशाही ढोल 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला आणि 2017 मध्ये सरकारने फर्मान काढलं की स्त्रियांनी तो वाजवू नये, आणि खासगी समारंभात वाजवायचा तर परवानगी व शुल्क लागेल. वारसा म्हणून मान मिळाला की सत्ता त्याच्यावर हात ठेवायला येते, हे त्यातून दिसतं.

परत घरी येऊ, आणि कातड्याकडे. वाद्य टिकवण्याच्या चर्चेत मढवणाऱ्याचं नाव कधीच येत नाही. खंजिरी-दिमडीला एके काळी घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं, आणि व्हायलाच हवं होतं. गोव्याने यातून चांगली वाट काढली. घुमट हे तिथलं मातीच्या भांड्याचं वाद्य, त्यालाही घोरपडीचंच कातडं असे. आता बकऱ्याचं कातडं वापरून घुमट बनतात, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आधी पर्यायी कातडं रुळलं आणि मग मान आला, हा क्रम शहाणपणाचा होता. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने बैलांची कत्तलही बंद झाली आणि मोठ्या ढोलांच्या कातड्याची टंचाई वाढली. बकऱ्याचं कातडं उपलब्ध असतं, पण ते खाटकाकडून सरळ मोठ्या व्यापाऱ्याकडे जातं. एक-दोन कातडी निवडून घेऊन, केस काढून, उन्हात ताणून, कड्यावर घट्ट बसवणारा माणूस तालुक्याला एखादा उरला तरी नशीब. त्याचा मुलगा हे काम करणार नाही, कारण कातड्याला हात लावणाऱ्याकडे गाव अजून कसं बघतं ते त्याने पाहिलं आहे. प्लास्टिकचा पडदा आला त्यामागे फक्त स्वस्ताई नाही. त्यात ही लाज आणि या लाजेतून सुटकाही आहे.

सरकारी मदतीचं चित्र कागदावर वाईट नाही. ज्येष्ठ कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, 2024 पासून महिना 5000 रुपये. नागपुरात 1986 पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. क्षेत्र सांस्कृतिक केंद्रांच्या गुरु-शिष्य योजनेत गुरूला महिना 7500, साथीदाराला 3750 आणि शिष्याला 1500 रुपये मिळतात. पण मानधनाच्या अर्जाला कार्यक्रमांचे दाखले लागतात, पत्रिका लागतात, वर्तमानपत्रांची कात्रणं लागतात. चाळीस वर्षं पोळ्यात आणि लग्नात वाजवलेल्या माणसाकडे कसलं कात्रण असणार? कीर्तनकाराकडे असतं, भजनी मंडळाकडे असतं, नाटकवाल्याकडे असतं. डफडेवाल्याचं नाव लग्नपत्रिकेत कधी छापलंच गेलं नाही. ग्रामसभेचा ठराव हा पुरावा म्हणून धरला गेला, तरी निम्मी अडचण सुटेल.

दुसरी गोष्ट नोंदीची. अशोक दा. रानड्यांनी 1975 मध्ये ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहून लोकसंगीताकडे शास्त्र म्हणून बघायला शिकवलं. पण वर्धा जिल्ह्यातल्या डफड्याचे ठेके, पोळ्याचा कोणता, वरातीचा कोणता, अंत्ययात्रेचा कोणता, हे ध्वनिमुद्रित करून एका ठिकाणी ठेवण्याचं काम बाकीच आहे. डाहाक्याची गाणी तर त्याहून घाईची आहेत, कारण ती रात्रभर म्हणणारे थोडे आणि सलग ऐकणारे त्याहून थोडे. वर्ध्यात 1997 पासून केंद्रीय हिंदी विद्यापीठ आहे, नागपूर विद्यापीठाला तर खंजिरीवाल्या राष्ट्रसंतांचंच नाव आहे. या दोघांनी मिळून एका पावसाळ्यात हे करता येईल. फक्त मुद्रणासाठी वादकाला बोलावलं तर त्याचं नाव, ठेक्याचा त्याने सांगितलेला अर्थ आणि त्याच्या दिवसाचे पैसे, हे तिन्ही त्याच दिवशी द्यावेत. ‘स्थानिक कलाकार’ एवढंच लिहून ठेवलेल्या फिती आपल्याकडे पुष्कळ झाल्या.

आणि शाळा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागीर आणि कलावंतांकडे शिकायला पाठवावं, असं म्हटलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांनी त्यातले दोन दिवस चर्मवाद्याला द्यावेत असं मला वाटतं. पहिल्या दिवशी कातडं भिजवणं, केस काढणं आणि कड्यावर ताणणं, दुसऱ्या दिवशी शेकणं आणि वाजवणं. वर्गातल्या सगळ्या जातींच्या मुलामुलींनी ओलं कातडं हातात धरायचं, पाटलाच्या नातवाने आणि शिक्षकाच्या मुलीनेसुद्धा. शिकवणाऱ्याला गुरुजींच्या शेजारची खुर्ची, हजेरीपटावर त्याचं पूर्ण नाव आणि रोख मानधन. ज्या घरांनी डफडं सोडलं आहे त्यांच्या मुलांवर ते हातात घ्यायची सक्ती मात्र कुणी करू नये, आणि त्यांनी का सोडलं हेही त्याच दोन दिवसांत त्याच वर्गात सांगितलं जावं. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्याला शंभरावर वर्षांची परंपरा आहे, लाकडी नंदी घेऊन पोरं बोजारा म्हणजे सणाची भेट मागत फिरतात. शाळेत शिकलेल्या मुलांनी तिथे वाजवायला सुरुवात केली आणि त्यांच्या गुरूला आयोजकांनी पत्रिकेवर नाव छापून बोलावलं, तर मानधनाच्या अर्जाला जोडायला त्याच्याकडे निदान एक कागद असेल.